सीटखालची बाटली

आमच्या पडवीला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं जीप उभी असते. तिच्या पुढच्या उजव्या चाकाच्या जरा आत, कोब्यावर एक डाग आहे. आता तो काळा दिसतो, पण सुरुवातीला लाल होता. २०१२ च्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या आईनं झाडू हातात तसाच धरून मला हाक मारली होती.

"आरं, हितं रगात कुणाचं सांडलंय? मांजरानं काय मारलंय का बघ."

मी बोट लावून वास घेतला. रक्त नव्हतं, पावर स्टेरिंगचं ऑइल होतं. ते लालच असतं. "रगात न्हाई आई, ऑइल हाय," मी म्हणालो. आईनं त्यावर चुलीतली राख टाकली आणि झाडून घेतलं. तिच्या दृष्टीनं ती गोष्ट तिथं संपली. माझ्याही दृष्टीनं संपली, आणि पुढं जे काही घडलं त्याचं मूळ तिथंच आहे.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगावर. मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर वर. त्यातले चार किलोमीटर तेव्हा कच्चे होते. पाऊस असा की कोयनानगरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आमच्याकडंही तो काही हात आखडत नाही. पावसाळ्यात एसटी खालच्या फाट्यावरच थांबायची. म्हणून २००९ साली मी सोसायटीचं कर्ज काढून ही जीप जुन्यात घेतली. २००३ सालची, चारही चाकांना जोर देणारी. चिखलात रुतली की छोटा दांडा मागं ओढायचा आणि सावकाश बाहेर यायचं.

मी शाळेत मास्तर. गाडी माझ्या नावावर होती, पण ती गावाची होती म्हटलं तरी चालेल. खताची पोती, लग्नाचं आंदण, दहावीच्या परीक्षेची पोरं, दवाखान्याचं माणूस, सगळं तिच्यातून गेलं. किल्ली दाराच्या आतल्या खुंटीला टांगलेली असे. ज्याला चालवता येतं त्यानं यावं, सांगून न्यावी, डिझेल टाकून आणावी. त्याचं मला समाधान होतं. 'गुरुजींची गाडी हाय म्हणून बरं,' असं कुणी म्हटलं की बरंही वाटायचं.

पावर स्टेरिंगचं काम समजायला फार शिक्षण लागत नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबीतलं ऑइल ओढतो आणि एका जाड पाइपातून स्टेरिंगच्या बॉक्सकडं ढकलतो. आपण चाक वळवलं की ते ऑइल बॉक्सच्या आत जोर लावतं आणि आपल्या हातांचं बरंचसं काम स्वतः करतं. काम झालेलं ऑइल दुसऱ्या साध्या पाइपातून डबीत परत येतं. जाणारा पाइप दाबाचा, येणारा बिनदाबाचा. ऑइल संपलं किंवा पाइप फुटला तरी स्टेरिंग चाकांपासून सुटत नाही, लोखंडाला लोखंड जोडलेलंच राहतं. फक्त मदत जाते. आत्तापर्यंत एका हातानं फिरणारं चाक पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी, अंगाचा भार घालून रेटावं लागतं.

माझा समज असा, की गळती परतीच्या पाइपाच्या क्लिपला आहे, कारण थेंब तिथून पडायचा. मी दोनदा पेचकसानं क्लिप आवळली. थेंब काही थांबला नाही. मग बाजाराच्या दिवशी पाटणला मिस्त्रीला विचारलं. तो दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, "सध्या टाकत रावा गुरुजी ऑइल. निवांत आणा एक दिवस, उघडून बघू." त्या बोलण्यातलं 'सध्या टाकत रावा' एवढंच मी घरी घेऊन आलो. बाकीचं तिथंच राहिलं.

ऑइलची एक लिटरची बाटली मी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवू लागलो. पहिली बाटली दोन महिने पुरली. मग महिनाभर. शेवटी शेवटी पंधरा दिवसांत एक जाऊ लागली. हळूहळू अंगालाच सगळं कळू लागलं. ऑइल उतरलं की चाक वळवताना पंप कण्हतो. तो आवाज आला की मी बॉनेट उघडून बाटली ओतायचो. अवघड वळणाआधी जरा रेस द्यायची, चाक शेवटापर्यंत ताणून धरायचं नाही, हे माझे हात न सांगता करू लागले. मला ते माझं कसब वाटायचं. 'जुन्या गाडीचा स्वभाव सांभाळावा लागतो,' असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि त्यात थोडी फुशारकी असायची.

दुरुस्ती का केली नाही, याची कारणं माझ्याकडं भरपूर होती. कधी भातलावणी, कधी परीक्षा, कधी पाहुणे. गाडी एक दिवस पाटणला ठेवायची म्हणजे तो दिवस गावाला गाडी नाही. हे कारण तर मला फारच पटायचं, कारण त्यात मी स्वतःसाठी नाही, लोकांसाठी दुरुस्ती टाळतोय असं दिसायचं.

२०१४ चा आषाढ. लावण्या चालू होत्या. मी शनिवार-रविवार जोडून मुलाकडं नवी मुंबईला गेलो होतो. रविवारी संध्याकाळी शेजारच्या तात्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. तात्यांचा धाकटा पोरगा लावणीसाठी गावी आला होता. एरवी तो वाशीच्या मार्केटात माथाडी. माझाच विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेला. टेम्पो चालवायचा, त्यामुळं हात बसलेला होता. तो धावत आमच्या घरी आला. आमच्या मंडळींनी खुंटीवरची किल्ली काढून दिली. त्यांनाही बाटलीचं ठाऊक नव्हतं.

खाली उतरताना तिसरं वळण उलट्या यू सारखं आहे. तिथं गाडी पार थांबल्यासारखी करून चाक पुरतं फिरवावं लागतं. पोरानं तसंच केलं. त्या क्षणी बॉनेटखाली फट्‌ असा आवाज झाला, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल पडून धुराचा लोट उठला आणि चाक हातात दगडासारखं झालं. त्याला वाटलं गाडी पेटली. त्यानं करकचून ब्रेक मारला. चिखलात गाडी घसरली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन कलंडली. दुसऱ्या बाजूला दरी होती. एवढंच लिहितो.

पोराचं मनगट मोडलं. त्याच्या आईला डोक्याला खोक पडली. सुनेला मात्र त्या माउलीनं पोटाशी धरून ठेवलं होतं. वाडीतली माणसं धावली. चादरीची झोळी करून तिला फाट्यापर्यंत नेलं, तिथून दुधाच्या टेम्पोनं पाटणला. रात्री अकराच्या सुमारास मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी सोमवारी दुपारी पोहोचलो. गावानं तोवर निकाल लावून टाकला होता. "सपाट रस्त्यावर टेम्पो चालवणं निराळं आन्‌ हितला घाट निराळा." "हबाकला असंल." "गुरुजींची येवढी चांगली गाडी घातली गटारात." मी दवाखान्यात गेलो. पोरगा कॉटशेजारी हात गळ्यात बांधून उभा होता. मला बघताच त्याचे डोळे भरून आले.

"गुरुजी, माझ्याकडनं चूक झाली. गाडी मला सावरली न्हाई. माफ करा."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे रे. जिवावरचं गाडीवर निभावलं. तू काय मुद्दाम केलंस होय?"

खोलीतल्या बायकांना ते बोलणं फार आवडलं. माझ्या मनाचा मोठेपणा त्यांनी तिथंच बोलून दाखवला. परत येताना फाट्यापासून वर चालत येत होतो. तिसऱ्या वळणावर गटारात कललेली जीप दिसली. मी दार उघडून आत डोकावलो. सीटखालची बाटली घरंगळून पायाच्या पत्र्यावर आली होती. तळाशी दोन बोटं ऑइल शिल्लक होतं. मी ती बाटली पिशवीत टाकली.

ती मी का टाकली, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. तेव्हा वाटलं, उगाच सांडेल. खरं कारण मला त्याच वेळी माहीत होतं.

ट्रॅक्टरनं जीप ओढून पाटणला नेली. या वेळी मी मिस्त्रीजवळ बसून राहिलो. दाबाचा पाइप ज्या ठिकाणी लोखंडी टोकात दाबून बसवलेला असतो, तिथंच तो फाटला होता. मिस्त्रीनं पाइप हातात फिरवून बघितला आणि माझ्यासमोर धरला. लोखंडी टोकाभोवती धूळ आणि ऑइल यांचा काळा मळ थरावर थर चढून गच्च बसला होता.

"ही गळती कालची न्हाई गुरुजी. हितं दोन वर्साचा मळ हाय. वरनं पाझरायचं, पाइपाच्या अंगानं वघळत खाली यायचं आन्‌ क्लिपंवरनं थेंब पडायचा. थेंब पडतो तितं गळती नसती कधी. सगळ्यात वरची वली जागा बघायची असती."

त्यानं करवतीनं पाइप कापला. आतलं रबर कडक होऊन तडे गेलेलं होतं. रबराच्या थरांमध्ये पोलादी तारेची जाळी असते, तीच खरा दाब सोसते. टोकाजवळ पाणी मुरून ती गंजून गेली होती. मी विचारलं, "पण मग वळणावरच का फुटावा?" तो हसला. आपण टायरमध्ये ३०-३५ पौंड हवा भरतो. गाडी सरळ चालते तेव्हा या पाइपात दाब कमीच असतो. पण गाडी हळू असताना चाक पुरतं वळवलं की तो हजार पौंडांच्या वर जातो. "सरळ रस्त्याला हा पाइप कशाला फुटंल? ह्यो फुटणार तर वळणावरच," तो म्हणाला.

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी समजत होतो की गळती म्हणजे थोडं थोडं ऑइल जाणं, आणि थोडं थोडं भरलं की हिशोब मिटतो. जात होतं ते ऑइल दिसत होतं. पाइपाची ताकद जात होती ती दिसत नव्हती. आणि तिची परीक्षा होणार होती ती जिथं तिची सगळ्यात जास्त गरज होती तिथंच.

दुरुस्ती एवढी छोटी निघाली की लाज वाटावी. जुनी लोखंडी टोकं घेऊन आम्ही कराडला गेलो. तिथं जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप करून देणारं दुकान आहे. त्यानं टोकं साफ केली, तारेच्या दुहेरी जाळीचा नवा पाइप मापानं कापला आणि यंत्रात दाबून बसवला. परतीचा पाइपही बदलला. मी म्हटलं, पाण्याचा चांगला जाड पाइप घरी पडून आहे. मिस्त्री म्हणाला, तो ऑइलनं फुगतो, मऊ पडतो, महिनाभरात क्लिपेतून निसटेल. ऑइल सोसणारंच रबर पाहिजे. जोडाला तांब्याच्या नव्या चकत्या घातल्या. पाइपावर छापलेली अक्षरांची ओळ असते, ती सरळ राहिली पाहिजे. ओळ वळली म्हणजे पाइप पिळला गेला, आणि पिळलेला पाइप लवकर मरतो. सायलेन्सरपासून चार बोटं लांब राहील असा तो पट्टीनं बांधला.

मग पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद ठेवून चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं. डबीत बुडबुडे येत राहिले, ऑइल खाली जात राहिलं, आम्ही भरत राहिलो. मग इंजिन चालू करून तेच. फेस जाऊन ऑइल स्वच्छ लाल दिसेपर्यंत. शेवटी जोड पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली, म्हणजे थेंबभर जरी पाझरलं तरी रेघ उमटेल. मी पाइपावरून हात फिरवायला गेलो तर मिस्त्रीनं माझं मनगट धरलं. इंजिन चालू असताना बारीक छिद्रातून येणारं ऑइल कातडी फोडून आत घुसतं, वरून सुईएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडतं. त्यानं एक पुठ्ठा घेतला आणि पाइपाच्या बाजूनं फिरवून दाखवला. पुठ्ठा कोरडा निघाला.

पाइप, क्लिपा, ऑइल, मजुरी, सगळे मिळून १,८०० रुपये झाले. पत्र्याचं काम वेगळं. घरी येऊन मी आठवून आठवून हिशोब मांडला. दोन वर्षांत बावीस बाटल्या ओतल्या होत्या. जवळजवळ पाच हजार रुपये. म्हणजे पैशाची सबबही खरी नव्हती.

जीप घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांचा पोरगा शेडमध्ये आला. गळ्यात बांधलेला हात तसाच. दुसऱ्या हातानं त्यानं खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. दोन हजार रुपये होते.

"आत्ता येवढंच हाय गुरुजी. बाकीचं मुंबईला गेलो की धाडतो."

माथाडी माणसाचं मनगट मोडलं म्हणजे दोन महिने पोती उचलणं बंद. ते दोन हजार त्यानं कुठून आणले असतील हे मला कळत होतं. पैसे नको म्हणून परत करणं सोपं होतं. तसं केलं असतं तर त्या दिवशी दवाखान्यात मिळाला तसा मोठेपणा मला पुन्हा मिळाला असता, आणि तो आयुष्यभर माझ्या उपकाराखाली राहिला असता. मी त्याला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. डाग, क्लिप, बाटली, पाइपावरचा मळ. बाटली पिशवीत टाकली तेही सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला वाटलं तो चिडेल. मला ते सोपं गेलं असतं. तो म्हणाला,

"मग हे डेअरीवर सांगाल का, गुरुजी?"

आमच्या गावात सकाळी सहा वाजता दूध घालायला प्रत्येक घरातलं एक माणूस डेअरीवर येतं. त्याच्यावरचा दोष तिथं ठरला होता. पुसायचा तर तिथंच पुसायला हवा होता. एकांतात कबूल करून मी माझं मन हलकं केलं होतं. त्याचं ओझं जिथल्या तिथंच होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या पोराला हा फरक कळला, आणि पंचवीस वर्षं मूल्यशिक्षणाचे धडे देणाऱ्या मला तो त्यानं सांगावा लागला.

रात्री मी वाक्यं जुळवली होती. सकाळी त्यातलं एकही आठवलं नाही. किटल्यांच्या रांगेत उभा राहून म्हणालो, "तात्यांच्या पोराच्या हातनं चूक झालेली नाही. पाइप दोन वर्सं गळत होता. मला म्हाईत होतं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

माप ओतणाऱ्याचा हात थांबला. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या गुरुजी, देवानं राखलं." मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग दोन वर्सं आमास्नी त्यातनं न्यायचा व्हय तुमी?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तात्या रांगेत होते. त्यांनी दूध घातलं, पावती घेतली आणि माझ्याकडं न बघता गेले. ते माझ्याशी दसऱ्यापर्यंत बोलले नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा नातीला कडेवर घेऊन आले होते.

या सगळ्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला. आधी मनात एकच पळवाट होती: मी गावात असतो तर पोराला सांगितलंच असतं. पण त्याआधी सात-आठ वेळा मी स्वतःच्या हातानं किल्ली दिली होती आणि एकदाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, आठवलंच नाही म्हणून. दोषाची सवय झाली की तो आपल्याला दोष वाटत नाही, गाडीचा एक भाग वाटतो. माझे हात तो सांभाळत होते. पण हात काही किल्लीबरोबर देता येत नाहीत. मी गाडी देत होतो आणि तिला सुरक्षित ठेवणारी गोष्ट माझ्याकडंच ठेवत होतो.

मग दुसरा विचार आला. समजा सांगितलं असतं, तर तेवढ्यानं भागलं असतं का? "पाइप गळतोय, वळणावर जपून." ज्याची बायको कळांनी कळवळते आहे, बाहेर आषाढाचा पाऊस आहे आणि गावात दुसरी गाडी नाही, तो हे ऐकून काय करणार? 'असू दे' म्हणणार आणि गाडी नेणारच. सांगणं पुरेसं असतं ते ऐकणाऱ्याला 'नको' म्हणायची सोय असेल तेव्हा. जिथं ती सोय नाही तिथं सांगणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं त्याच्या डोक्यावर देणं. तिथं दुरुस्तीच करावी लागते. शहरात माणूस दुसरी गाडी बोलावील. आमच्या डोंगरात एकच दवाखाना, एकच शाळा, एकच जीप. जिथं गोष्ट एकुलती एक असते तिथं ती ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी वाढते. आणि 'लोकांना एक दिवस गाडी मिळणार नाही' ही माझी सबब तर नेमकी उलटी होती. लोकांना दुसरी गाडी नाही, म्हणूनच ती दुरुस्त करायला हवी होती.

याचा अर्थ प्रत्येक दोष उद्याच्या उद्या काढला पाहिजे असा मी घेत नाही. तसं केलं तर खेड्यात कुणाला जगताच येणार नाही. आमचं निम्मं आयुष्य तारेनं बांधलेलं आणि शेणामातीनं लिंपलेलं असतं. प्रश्न निवडीचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचं घर पडलं नाही, पण भिंतींना भेगा गेल्या. आजोबांनी प्रत्येक भेगेवर चुन्याचा आडवा पट्टा ओढला आणि महिनाभर रोज कंदील घेऊन ते पट्टे बघत राहिले. ज्या भेगांवरचा पट्टा अखंड राहिला त्या त्यांनी लिंपून टाकल्या. एका ठिकाणी पट्टा तडकला. ती भिंत त्यांनी माणसं लावून उतरवली आणि नव्यानं घातली. शेजारी म्हणाले होते, दिसायला तर सगळ्या भेगा सारख्याच. आजोबा म्हणाले, "ही चालती हाय."

चालती भेग आणि थांबलेली भेग यातला फरक बसून कळत नाही, रोज बघावं लागतं. माझी पहिली बाटली दोन महिने पुरली, शेवटची पंधरा दिवस. पट्टा माझ्या डोळ्यांसमोर तडकत होता. मी मोजत होतो ते फक्त बाटलीचे पैसे.

बाटली ओतणं ही काळजी होती की काळजीचं सोंग, हे मला अजून नीट सांगता येत नाही. खोटं वाटेल असं काही मी करत नव्हतो. उलट गाडीचं काहीतरी करतोय याचं समाधान रोज मिळत होतं, आणि त्या समाधानामुळंच उघडून बघायची वेळ आली नाही. काहीच केलं नसतं तर कदाचित मन टोचलं असतं.

जीप अजून आहे. किल्ली अजून खुंटीलाच असते. तिच्या शेजारी शाळेच्या वहीचा एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून टांगला आहे. हँडब्रेक चढाला पुरता धरत नाही, दगड लावावा. डाव्या बाजूचा वायपर मधेच थांबतो. पेट्रोल नव्हे, डिझेल. यातलं जे जिवावर बेतणारं असेल ते त्या कागदावर चढत नाही. ते निघेपर्यंत किल्लीच खुंटीवर नसते. दोन वेळा लोकांनी त्यावरून मला बोल लावला आहे. एकदा तर दिवाळीच्या आदल्या दिवशी.

आणि मिस्त्रीकडून शिकलेला पुठ्ठा. गाडी उभी केली की खाली पुठ्ठा सरकवतो, सकाळी ओढून बघतो. जुनी गाडी कुठून ना कुठून पाझरणारच. परवा त्यावर रुपयाएवढा एक काळपट डाग दिसला, मधल्या बाजूला. मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याच्या तोंडचं सील असावं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं डागाभोवती गोल काढून तारीख घातली. आज सकाळी बघितलं, डाग गोलाच्या बाहेर गेला आहे. उद्या गुरुवार. तात्यांच्या पोराला गाडी हवी होती, पोरीला शाळेचं दप्तर आणायला पाटणला जायचं आहे म्हणत होता. त्याला निरोप धाडलाय: दप्तर आणायला जाऊ या, पण आधी मिस्त्रीकडं.